समजदिव्याचा सतरावा मसुदा

नागपुरातल्या त्या मानक समितीच्या खोलीत अकरा वाजता सातही सदस्यांनी कपाळाला पट्ट्या बांधल्या आणि प्रत्येकासमोरचा छोटा दिवा लाल झाला. अजून कोणी काही वाचलंही नव्हतं.

"उकडतंय म्हणून असेल," अध्यक्ष वझलवार साहेब म्हणाले.

अरुंधती मोहरीलने सुस्कारा सोडून अहवालाचा सतरावा मसुदा उघडला. नवं तंत्रज्ञान समितीला सोप्या भाषेत लिहून द्यायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. या वेळी विषय होता हा समजदिवाच. पट्टी मेंदूतली हालचाल टिपते. ऐकलेलं समजलं की दिवा हिरवा, नाही तर लाल. समितीने मंजुरी दिली की दवाखान्यात ऑपरेशनच्या संमतीला सही लागणार नव्हती. पेशंटला धोके वाचून दाखवायचे, हिरवा दिवा लागला की झाली संमती.

पुढच्या महिन्यात अरुंधतीच्या वडिलांच्या हृदयाची झडप बदलायची होती. म्हणून एक वाक्य तिला अहवालात हवंच होतं. तिने ते वाचलं, "हा दिवा समज मोजत नाही, मनाचा निवांतपणा मोजतो."

सातही दिवे लालच.

"अजून सोपं करा, मॅडम."

"साहेब, आठ शब्दांचं वाक्य आहे."

"मग सातांचं करा. ज्या वाक्याला लाल, ते वाक्य बाद. नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय. तुम्हाला नाही का समजलं?"

"मला समजलंय हो! दिव्याला पटत नाहीये."

अरुंधतीने सगळ्यांकडे पाहिलं. कोणी शंका विचारेना. या समितीत शंका विचारणारे शेवटचे गृहस्थ आता वजनकाट्यांच्या विभागात होते. मागच्या सोळा मसुद्यांत तिने कुकरच्या शिटीपासून थर्मामीटरपर्यंत सगळे दाखले देऊन पाहिले होते. आता तिच्याकडे दाखलेही उरले नव्हते.

तेवढ्यात कँटीनचे दौलतराव तर्री-पोहे, म्हणजे वर झणझणीत तेलकट रस्सा ओतलेले पोहे, घेऊन आत आले. वास पसरला आणि टक, टक, टक, सातही दिवे हिरवे.

अरुंधतीने घाईघाईने तेच वाक्य पुन्हा वाचलं. दिवे हिरवेच राहिले.

"मंजूर!" साहेब भरल्या तोंडाने म्हणाले.

"अहो, मी हेच सांगतेय! तुम्ही ऐकलंही नाहीत, तरी हिरवा!"

"ऐकलं की," सदस्य बोबडे मॅडम म्हणाल्या. "फार सोपं केलंत या वेळी. जरा शेव सरकवा इकडे."

"आणि हा पोह्यांचा प्रयोगही अहवालात घाला," साहेब म्हणाले. "उपयोगी आहे."

तिने घातला. अहवाल मंजूर झाला आणि त्याबरोबर दिवाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं एकही वाक्य कापलं गेलं नाही. तिला त्याचाच आनंद झाला, हे तिला नंतर फार लागलं.

महिन्याभराने, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दवाखान्यात सिस्टरने बाबांसमोर पोह्यांची प्लेट ठेवली.

"हे कशाला?" अरुंधतीने विचारलं.

"मानकातच आहे, मॅडम. समजपूर्व अल्पोपहार. खाल्ल्यावर समज वाढते, असं कुठल्याशा अहवालात सिद्ध झालंय म्हणे. हार्टवाल्यांना तर्री बिनतेलाची."

सिस्टरने धोके वाचले. रक्तस्राव. पक्षाघात. शंभरात चार. बाबांचा दिवा हिरवागार.

"बाबा, काय समजलं?"

"पोहे मऊ होते."

"आणि ऑपरेशनचं?"

"तू वाचलं असशील ना सगळं? मग झालं."

"आता तुम्ही," म्हणत सिस्टरने तिच्या कपाळाला पट्टी बांधली. "एका नातेवाइकाचाही हिरवा लागतो. नाही तर तारीख पुढे जाते."

तारीख पुढे ढकलणंही धोक्याचं होतं, हेसुद्धा अरुंधतीने वाचलं होतं. झडपेबद्दलची चाळीस पानं तिला जवळजवळ पाठ होती. सिस्टरने धोके पुन्हा वाचले. एकेक शब्द तिला नीट कळत होता, म्हणूनच भीती वाटत होती. दिवा लाल.

"तुम्हाला समजत नाहीये वाटतं," सिस्टर मायेने म्हणाली. "तुमच्यासाठी एक प्लेट मागवू?"

प्लेट आली. वाफ येत होती.

"खा गं," बाबा म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहेस."

तिने चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. दोन घास खाल्ले की दिवा हिरवा होणार, यात तिला शंका नव्हती. पण मग या खोलीत धोका समजलेलं माणूस कोण उरणार होतं?