पाचव्या मजल्यावरचा पाना

इमारतीभोवती उभारलेल्या परांचीवर माणसं चढण्याआधी ती तपासायची, हे तिचं काम. कामगार तिला थांबा-ताई म्हणत, कारण तिच्या तोंडी दुसरा शब्द क्वचितच यायचा. त्या सकाळी धुकं असं दाट, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. एका जुन्या इमारतीला रंग द्यायचा होता. एकोणीस रंगारी डबे घेऊन खाली ताटकळत होते आणि मुकादमाला घाई झाली होती. कमरेचा पट्टा कसून, त्याचा आकडा अडकवत अडकवत ती एकटीच वर गेली.

पाचव्या मजल्याशी आवाज आला. किर्र... किर्र... कुणीतरी पान्यानं नट फिरवत होतं. वर तर कुणीच नव्हतं. ओल्या चुन्याचा वास दाटला, आणि अगदी कानाशी कुणी हळूच बोललं, "ताई... भिंतीनं सोडलंय..."

ती गर्रकन वळली; मागं नुसतं धुकं. पण हात कामाचा. तो सवयीनं परांचीला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या बोल्टकडे गेला. लोण्यातून सुरी निघावी तसा बोल्ट बाहेर आला. शेजारचाही. सगळी ओळच तशी.

ती जपून उतरली, शिडीला लाल फीत बांधली आणि वाट अडवून उभी राहिली. मुकादम आधी हसला, मग चिडला, शेवटी नोकरी घालवण्याची धमकी देऊन बसला.

"घालवा," ती म्हणाली. "पण वर कुणी जाणार नाही."

रंगाऱ्यांतली थोरली मावशी डबा खाली ठेवून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग एकेक करत सगळेच.

दहाच्या सुमारास वारा सुटला. परांची भिंतीपासून अलग झाली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि कडाडत रिकाम्या अंगणात कोसळली. धूळ बसली, तेव्हा एकोणिसांपैकी कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. मुकादमानं तिच्यासमोर मान खाली घातली. रंगारी तिला खांद्यावर उचलून घ्यायला धावले, तर ती म्हणाली, "थांबा. उंचावर चढवायचं तर आधी पट्टा लावा." असा हशा पिकला, की डोळ्यांतून पाणी कशाचं येतंय ते कुणालाच कळेना.

जरा शांत झाल्यावर मावशीनं तिला बाजूला घेतलं.

"सकाळी तुझ्या मागून उतरत होता, तो कोण गं?"

"माझ्या मागून?"

"मी शिडीपाशीच होते ना. तो दोन्ही हातांनी शिडी धरून, एकेक पायरी जपून... तू उतरलीस, शिडी संपली." मावशीनं जमिनीकडे बोट दाखवलं. "तो मात्र उतरतच राहिला... जमिनीच्या खाली."