भिवराबाईचा पंखा

लाईट गेली तर जाऊ द्या, कंदील लावू नका. बसा इथंच. वीज पिकवणारं आपलं परळी, आणि अंधारात बसायची पाळीही आपलीच. तर पोरांनो, हे घडलं बद्रीनाथ वायंडिंगवाल्याच्या बाबतीत. माझा लंगोटीयार. एरवी थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण एवढं सांगताना तो एक शब्दही वाढवायचा नाही.

शहाण्णव साल. मे महिना, गुरुवार, वैशाखातली अमावस्या. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बद्रीनाथ दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात किराणावाले मोहनराव धापा टाकत आले.

"बद्रीनाथ, चल बाबा घरी. तू भरून दिलेला पंखा उलटा फिरायलाय. वारं खाली येतच न्हाई. लेकीचं बाळ सव्वा महिन्याचं, उकाड्यानं लई रडायलंय."

बद्रीनाथ हसला. पंखा भरताना, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळताना, दोन तारांची अदलाबदल झाली की तो उलटा फिरतो, वारं सगळं छताकडं जातं. पाच मिनिटांचं काम. चूक आपलीच, म्हणून पक्कड आणि टेस्टर खिशात टाकून निघाला.

माडीवर मोहनरावांची लेक वर्षाराणी बसलेली. बाळंतपणाला माहेरी आली होती. बद्रीनाथ स्टुलावर चढला, तारा बदलल्या, बटण दाबलं. वारं खाली आलं, बाळ गप झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. बद्रीनाथसाठी चहा आला. त्यानं कप तोंडाला लावला आणि वरचा आवाज बदलला.

पंखा हळू झाला. थांबला. आणि उलटा फिरायला लागला.

"काका, हे काय वो?" वर्षाराणी म्हणाली.

बद्रीनाथ परत चढला. तारा त्यानं जोडल्या तशाच होत्या, वरची चिकटपट्टीसुद्धा हललेली नव्हती. त्यानं पुन्हा बदलल्या. पंखा उलटाच. पुन्हा बदलल्या. उलटाच. तारा अशा जोडा नाहीतर तशा जोडा... उलटाच. वीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस तो. तो स्टुलावरून खाली उतरला.

"मोहनराव, पंखा कुठला हाय?"

मोहनरावांनी मान खाली घातली. "माझ्या बहिणीचा. भिवराचा. माघात गेली ना ती, ह्याच पंख्याखाली. तिची गादी, लुगडी, समदं देऊन टाकलं. पंखा कावून द्यायचा म्हणलं? जळला होता, तेवढा तुझ्याकडून भरून घेतला."

भिवराबाईला मूलबाळ नव्हतं. भाचीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासून अंथरुणातून तिचं एकच चालायचं... एकदा बाळ उचलून घेऊ द्या, मग जाते. बाळ यायच्या आधीच ती गेली.

"बंद करा पंखा," बद्रीनाथ म्हणाला. मोहनराव बटणाकडं वळले आणि लाईट गेली. अख्ख्या गल्लीची. अकराला दहा कमी होते.

अंधारात तिघंही पंखा थांबायची वाट बघत राहिले.

थांबला नाही.

वेग वाढला. बद्रीनाथचा सदरा फुगला, वर ओढला जायला लागला. डोक्यावरचे केस उभे राहिले. बाळानं टाहो फोडला.

"काका..." वर्षाराणीचा आवाज चिरकला. "बाळ माझ्या मांडीवर न्हाई वो..."

रडणं येत होतं... वरून.

मोहनराव भिंतीला टेकून नुसते 'भिवरा, भिवरा' पुटपुटत होते. वर पाती घोंघावत होती. त्या पात्यांच्या पलीकडं बाळ रडत होतं.

मग वर्षाराणी उठून उभी राहिली. तिच्या बांगड्या वाजल्या, हात वर गेले असावेत.

"आत्याबाई... घेतलं ना उचलून?"

पाती तशीच घोंघावत राहिली.

"पोटभर बघितलं ना? तुमचंच नातवंड हाय ते. पर अजून दूध पितंय वो... मला द्या."

...

पात्यांचा आवाज मंदावला. आणखी मंदावला. थांबला.

आणि वीज नसताना, त्या मिट्ट अंधारात, पंखा सुलटा फिरला. हळूहळू. वारं खाली आलं, गार. त्या वाऱ्याबरोबर बाळाचं रडणंही एकेक हात खाली येत गेलं.

सव्वाअकराला लाईट आली. वर्षाराणी बाळाला छातीशी धरून उभी होती. बाळाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुठी आवळून ते झोपलेलं. फक्त संध्याकाळी त्याच्या कपाळाला लावलेली काजळाची तीट पुसली गेली होती.

बद्रीनाथनं वर पाहिलं. पात्यांच्याही वर, दांडीला लागून, पांढऱ्या छतावर... काजळाचा एक गोल ठिपका होता.