तांबडं जावळ

आदर्श नगरातल्या त्या भाड्याच्या घरी दर पंधरा दिवसांनी मागच्या दारानं न्हावी यायचा, तो आक्काबाईंसाठी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्यांचं डोकं भादरलं, ते एकोणीसशे सत्तावन्न उजाडलं तरी चालूच होतं. मुलगा रंगनाथ विम्याच्या कचेरीत साहेब, साताऱ्याहून जयपूरला बदलून आलेला. कचेरीत आवाज मोठा, आईपुढे मात्र मूग गिळून गप्प.

सून सुनंदा. तिचा गुन्हा एवढाच, की तिच्या दोन वर्षांच्या प्रतिमाचे केस तांबडे होते. पिंगट नव्हेत, घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखे चांगले लालबुंद.

“आमच्या सात पिढ्यांत असले केस नाहीत,” आक्काबाई येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. “कुठल्या गोऱ्याची देणगी, देव जाणे.”

सुनंदाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. माक्याचं तेल झालं, आवळकाठी झाली, रंग काही हटेना.

शेवटी आक्काबाईंनी फर्मान काढलं. जावळ काढायचं. नवे केस काळे आले तर ठीक, नाहीतर मायलेकींनी कायमची माहेरची वाट धरायची. मुलींचं जावळ त्यांच्यात कधी काढत नसत. रंगनाथनं वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. असला नवरा काय चुलीत घालायचाय!

न्हाव्यानं आधी आक्काबाईंचं डोकं केलं, मग त्याच वस्तऱ्यानं पोरीचं. प्रतिमा रडली नाही. आजीकडे टक लावून बघत राहिली.

महिना गेला. पोरीच्या डोक्यावर खुंटसुद्धा येईना. न्हावी दोनदा आला, दोन्ही वेळा आक्काबाईंनी त्याला दारातूनच परतवून लावलं.

“माँजी नाराज हैं क्या, बहूजी?” जाताना त्यानं सुनंदाला विचारलं.

ज्येष्ठातला रविवार. लू, तिकडचा तो भाजणारा वारा, सुटली होती. आक्काबाई अंगणात गहू वाळत घालत होत्या, आणि वाऱ्यानं त्यांचा डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांमागं खोचलेला पदर उडवला.

महिन्याभरात खांद्यापर्यंत केस. तांबडे.

“हे काय?” सुनंदा म्हणाली.

“माझे केस.” आक्काबाईंनी पदर सावरला नाही. “भादरले तेव्हा कुणी विचारलं होतं, कुठल्या रंगाचे आहेत म्हणून?”

“आणि ठाऊक असून मला बदफैली ठरवलंत?”

आक्काबाई बोटांनी गुंता सोडवत राहिल्या.

सुनंदानं त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात आणलं, रंगनाथसमोर उभं केलं. “बघा. आणि जन्मात एकदा तरी तोंड उघडा.”

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “चुकलो,” म्हणाला. “तुम्ही मायलेकी कुठंही जायचं नाही.”

दोन वर्षांत पहिल्यांदा सुनंदानं सुटकेचा श्वास घेतला.

प्रतिमा झोपेतून उठून दारात आली होती. सुनंदानं तिला उचललं. डोकं हाताला खरखरीत लागलं. खुंट आले होते.

तिनं पोरीला उजेडात धरलं.

पांढरे.

प्रतिमानं आईच्या पदराचं टोक ओढलं, डोक्यावरून घेतलं, दोन्ही कानांमागं नीट खोचलं आणि मान खाली घातली.