रतन कुठल्या गाडीत बसली?

१९५५ सालची दिवाळी चार दिवसांवर आली होती. कन्हेरीहून बारामतीला चालत निघालेल्या झुंबरनं सुट्टीचा सगळा बेत वाटेतच पक्का करून टाकला. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी विहिरीत पोहणं, तिसऱ्या दिवशी उसाच्या फडात चोर-शिपाई.

"आन् सुट्टीचा अभ्यास?" तिचा धाकटा भाऊ सोपान म्हणाला.

"तो तू कर की. आमच्या दोघांचापण."

दोघं म्हणजे ती आणि बिरदेव. बिरदेव त्यांच्या चुलत्याचा मुलगा, अकरा वर्षांचा, जन्मापासून ठार बहिरा. विजयमालाबाईंनी दोन वर्षांपूर्वी बारामतीत मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा काढली, तेव्हापासून तो तिथंच राहून शिकत होता. आज त्याला घरी न्यायचं होतं.

शाळा म्हणजे गुळाच्या वखारीमागच्या दोन खोल्या. पायरीवर एक बाई बसली होती. तिच्या हातातलं लाडवांचं फडकं सुटून लाडू धुळीत पडले होते, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काल सकाळधरनं फाट्यावर हुबी व्हते," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "समद्या गाड्या बघितल्या. माझी रतन कुठं हाय?"

ती प्रयागबाई, निमगाव केतकीची. तिची रतन नऊ वर्षांची. तिलाही ऐकू येत नव्हतं.

विजयमालाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. चार दिवस त्या तापानं अंथरुणावर होत्या, म्हणून मुलांना गाडीत बसवून देण्याचं काम शाळेचे चिटणीस मोहनराव यांनी अंगावर घेतलं होतं.

"मी स्वतः बसवलं तिला निमगावच्या गाडीत," मोहनराव म्हणाले. "फ्रॉकला चिठ्ठी लावली, कंडक्टरला बजावलं. मधेच उतरली असेल कुठंतरी. असल्या मुलांचा काय नेम?"

प्रयागबाईंनी तोंडात पदर कोंबला.

फौजदाराकडे वर्दी देऊन झाली होती. आता निमगावच्या वाटेवरचं गाव न् गाव विचारत जायचं, असं बाईंनी ठरवलं. अंगात ताप असतानाच त्या प्रयागबाईंना घेऊन इंदापूरच्या गाडीत बसल्या. जाताना मोहनराव मागून म्हणाले, "पोर सापडली नाही, तर समिती या शाळेला कुलूप लावणार, हे लक्षात ठेवा." बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही.

झुंबर बिरदेवला शोधत आतल्या खोलीत गेली. तो कोपऱ्यात बसला होता. कालची भाकरी तशीच समोर होती. त्याचे दोन्ही गुडघे सोलपटले होते आणि गालावर बोटांचे वळ होते.

"ह्याला कुणी मारलं?" झुंबरनं विचारलं.

"मी," मोहनराव दारातून म्हणाले. "स्टँडवर वेड्यासारखा ओरडत गाडीमागं धावत सुटला. चाकाखाली गेला असता."

झुंबर आणि सोपाननं एकमेकांकडे पाहिलं. बिरदेवबरोबर ते पाळण्यापासून वाढले होते. तो उगीच ओरडणारा नव्हता.

मोहनराव गेल्यावर झुंबर त्याच्यासमोर बसली. तिनं हातानंच विचारलं, 'रतन?' बिरदेव ताडकन उठला. त्यानं दोन पंजे शेजारी शेजारी धरले, म्हणजे दोन गाड्या. मग कपबशी धरल्यासारखं करून फुर्रकन चहा प्यायला आणि बसल्याबसल्या नुसतं बोट दाखवलं. ते मोहनराव होते, ऐटही तीच. मग एक छोटी मुलगी दुसऱ्या गाडीत चढली.

"चुकीच्या गाडीत गेली ती," सोपान पुटपुटला. "पण कुठल्या?"

झुंबरनं तेच विचारलं. बिरदेवनं कोळशाचा तुकडा उचलला आणि फरशीवर त्या गाडीच्या पाटीवरचं अक्षर काढलं. 'भि'. मग 'ग'. पुढचं अक्षर त्याला आठवेना. त्यानं आपल्याच कपाळावर मूठ मारली. डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे, राहू दे," झुंबरनं त्याचा हात धरला. "भिगवण."

तिघंही मोहनरावांकडे धावली. ते पानाच्या दुकानाशी उभे होते. सगळं ऐकून ते हसले. "त्याला ना कान, ना जीभ. तो काय सांगणार? घरी जा तुम्ही."

"मग चिठ्ठी लावली व्हती का?" सोपाननं विचारलं.

"लावली म्हटलं ना," ते म्हणाले, पण त्यांचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला. झुंबरनं ते पाहिलं. या माणसाशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही, एवढं तिला कळलं.

स्टँडवर भिगवणची गाडी उभी होती. कंडक्टर दत्तोबा टपावरचं सामान बांधत होता.

"काका, काल सकाळी एक पोरगी व्हती का तुमच्या गाडीत? बोलत न्हवती अशी?"

दत्तोबाचे हात थांबले. "व्हती. तिकीट इचारलं तर नुसती बघत राहिली. मला वाटलं संगं कोण तरी असंल. भिगवणला समदे उतरले, ती एकलीच राहिली. मग मीच उतरवली."

"आन् तितंच सोडली?"

दत्तोबानं मान खाली घातली. "गाडी परत न्यायची व्हती पोरी." त्यानं खाली उतरून गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, "बसा तिघं. मी नेतो."

कच्च्या रस्त्यावरून गाडी धूळ उडवत चालली. बेताची सगळी गंमत केव्हाच विरून गेली होती. एक दिवस आणि एक रात्र. नऊ वर्षांची पोर, नाव सांगता येत नाही, हाक ऐकू येत नाही. आणि भिगवणला रेल्वे. मागून आगगाडी आली तर शिटीसुद्धा तिच्या कानांवर पडणार नव्हती. हा विचार तिघांच्याही मनात होता, बोललं मात्र कोणी नाही.

भिगवणला त्यांनी दुकानं पालथी घातली. एका भजीवाल्यानं सांगितलं, "व्हय, आली व्हती. हात पसरला. म्या हाकलली. मला काय ठावं?" पाण्यावरच्या बायका म्हणाल्या, एक वेडी पोर काल सांजेला स्टेशनाकडं पळाली, पोरांनी दगडं मारली तिला.

झुंबर स्टेशनाकडे धावली. "रतन," ती स्टेशनाच्या कुंपणाशी ओरडू लागली. "ए रतन."

सोपान रडू लागला. "आक्का, कुणाला हाक मारतीस? तिला ऐकू येतंय व्हय?"

झुंबरलाही रडू फुटलं.

रडला नाही तो बिरदेवच. तो खाली वाकून काहीतरी बघत होता. रुळांपलीकडे, बाजूच्या लायनीवर मालगाडीचे डबे उभे होते. त्यांच्याकडे जाणाऱ्या राखेत लहान, अनवाणी पावलं उमटली होती. जाणारी होती, परतणारी नव्हती.

एक हमाल, गेणबा नावाचा, बिडी ओढत बसला होता. सोपाननं त्याला डब्यांबद्दल विचारलं.

"रिकामे हायेत. दारं काल उघडीच व्हती, सकाळी म्या लावली."

"आत बघून लावली?"

"रिकाम्या डब्यात काय बघायचं?" गेणबा म्हणाला. आणि त्याची बिडी हातातच राहिली.

तेवढ्यात धक्का बसून सगळे डबे खडखडले. इंजिन जोडलं गेलं होतं. गाडी सोलापूरकडे निघण्याच्या बेतात होती आणि डबे होते तीसच्या वर.

झुंबर गार्डाकडे धावली. "साहेब, गाडी सोडू नका. डब्यात पोरगी हाय."

"बाजूला हो," गार्ड घड्याळ बघत म्हणाला. "रोज कोणी ना कोणी गाडी अडवायला असतंच." त्यानं काखेतली हिरवी झेंडी काढली.

झुंबरनं ती झेंडीच हिसकावली आणि पळत सुटली. गार्ड ओरडत तिच्यामागं धावला. ड्रायव्हर तिकडे झेंडीची वाट बघत राहिला. झेंडी काही हलेना, गाडी काही सुटेना.

इकडे बिरदेवनं एक दगड उचलला. पहिल्या डब्याच्या पत्र्यावर त्यानं तीनदा जोरात ठोकलं आणि तळहात पत्र्याला लावून थांबला. बाई शाळेत असंच करायच्या. फळीवर तीन ठोके दिले की हादरा मुलांच्या पायांना कळे आणि सगळी वळून बघत. दुसरा डबा, तिसरा, चौथा. सोपान आणि गेणबाही ठोकू लागले. दहा झाले. पंधरा झाले. बिरदेवचे हात रक्ताळले.

एकोणिसाव्या डब्याला हात लावून तो थबकला. मग त्यानं गालही पत्र्याला लावला. आतून कोणीतरी ठोकत होतं. अगदी हळू, तीनदा.

गेणबानं कडी काढली. आत दाराशीच रतन पडली होती. ओठ फुटले होते, नखं ठोकून ठोकून तुटली होती. बिरदेवला पाहून तिनं दोन्ही हात पुढं केले.

गार्डानं झुंबरला दंडाला धरून आणलं होतं. डब्यातलं दृश्य पाहून त्यानं तिचा दंड सोडला आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली. स्टेशनमास्तरांनी बारामतीला तार केली. परत येऊन ते झुंबरला म्हणाले, "सरकारी झेंडी पळवणं गुन्हा आहे. तू ती आज पळवली नसतीस, तर माझ्या हातून त्याहून मोठा गुन्हा झाला असता."

दुसऱ्या दिवशी शाळेत समितीची बैठक भरली. अध्यक्ष आबासाहेबांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. बिरदेवचे पट्ट्या बांधलेले हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. मोहनरावांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि कोणी न विचारताच टेबलावर ठेवली. "लावायची राहिली," ते म्हणाले आणि बिरदेवसमोर त्यांनी मान खाली घातली.

"चूक कबूल झाली," आबासाहेब म्हणाले. "पण या मुलांकडे चोवीस तास लक्ष द्यायला माणूस नाही आपल्याकडे. पुन्हा असं झालं तर? शाळा बंद करणंच शहाणपणाचं."

रात्रीच निमगावहून परतलेल्या विजयमालाबाई खुर्चीतून उठल्या.

रतनला मांडीवर घेऊन प्रयागबाई दारात बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "ध्यान द्यायला माणूस न्हाय, म्हणून बंद करताय?"

"होय बाई."

"मग मी येती. भाजीचा मळा दीर बघतो, माझ्यामागं दुसरं कोण न्हाय. हितंच राहीन. भाकऱ्या करीन, पोरांना गाडीत बशिवन आन् गाडी घरला पोचंपर्यंत संगं जाईन."

"सगळ्या अकरा मुलांचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"एकीचं करती तिला अकरांचं काय जड?"

आबासाहेबांनी त्या मायलेकींकडे पाहिलं. मग त्यांनी विजयमालाबाईंना विचारलं, "सुट्टीनंतर शाळा कधी उघडते?"

"दिवाळीनंतरच्या सोमवारी," बाई म्हणाल्या.