जळकोटला जाम झालेलं इंजिन

श्रीमंत नावाचा मोटारमिस्त्री नळदुर्गात आपल्याच गॅरेजात पालथा पडलेला सापडला, तेव्हा स्टोव्हवरचा चहा आटून भांडं करपलं होतं. डोक्यामागं घणाचा एकच घाव. घण शेजारीच पडला होता.

नळदुर्गच्या चौकीचे जमादार बब्रुवान उंबऱ्यातच थांबले. त्यांनी आधी मिस्त्रीकडं पाहिलं, मग समोरच्या काळ्या भिंतीकडं. भिंत ओल्या फडक्यानं पुसलेली होती.

ती भिंत साऱ्या गावाला पाठ होती. मुरुम-तुळजापूर रस्त्यावर तेव्हा दोनच मोटारी धावत, दोन्ही एकाच विलायती कंपनीच्या. शरणप्पाच्या जुन्या गाडीत त्या कंपनीचं सगळ्यात चांगलं इंजिन होतं. आठ वर्षांत रस्त्यात चारदा थांबलं असेल. चन्नबसप्पाच्या नव्या गाडीत त्याच कंपनीचं सगळ्यात वाईट. जरा चढ लागला, की उकळून वाफा सोडायचं. प्रत्येक खोळंब्याची एक रेघ मिस्त्री खडूनं त्या भिंतीवर ओढी. जुनीच्या नावाखाली चार रेघा होत्या. नवीला भिंत पुरत नव्हती.

साल त्रेचाळीसचं. लढाईमुळं पेट्रोल मिळेना. या रस्त्यावर एकच गाडी ठेवायची, असं तालुकदार कचेरीनं ठरवलं होतं. कुठली, ते मिस्त्रीचा अहवाल सांगणार होता. तो दुसऱ्या दिवशी जायचा होता. सगळं गॅरेज उलथंपालथं केलं, पण कागद सापडला नाही.

शेजारच्या शिंप्यानं मिस्त्रीला तीन वाजता जिवंत पाहिलं होतं. साडेचारला तो चहा प्यायला म्हणून आला आणि ओरडत बाहेर पळाला.

“या वेळात शरणप्पा कुठं होता?” अमीनसाहेबांनी, म्हणजे चौकीच्या फौजदारांनी, जमादारांना विचारलं.

“मोटारस्टँडवर, साहेब. गाडी दोनला आली, पाचला सुटायची. गाडीतच निजलो होतो म्हणतो.”

“कुणी पाहिलं?”

“नाही.”

“आणि चन्नबसप्पा?”

“त्याची गाडी अडीचला मुरुमकडं सुटली. दीड मैलावर बाभळीपाशी उकळली. वीस माणसं होती गाडीत.”

“वीस गवाह! मग झालं तर.”

मिस्त्रीला जुन्या इंजिनात चीर सापडली होती, तसं त्यानं अहवालात लिहिलं होतं, असंही चन्नबसप्पानं शपथेवर सांगितलं. गावाला भिंत पाठ होती, पण पुरावा म्हणून दाखवायला ना कागद होता, ना रेघा. शरणप्पाला बेड्या घालून जिल्ह्याला धाडलं.

जमादारांना रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. शरणप्पाचं इंजिन वाईट असतं, तर तोही कुठंतरी माणसांच्या घोळक्यात अडकून पडला असता. गाडी वेळेवर आली, तेच त्याला भोवलं.

त्याची बायको गिरिजाबाई रोज चौकीच्या कट्ट्यावर येऊन बसायची.

“जमादारसाहेब, आमच्या मालकांनी कधी बैलावर चाबूक उगारला न्हाय. ते माणूस मारतील व्हय?”

“बघतो, बाई,” जमादार म्हणायचे.

चौथ्या दिवशी ते जळकोटला गेले. नवी गाडी तिथं रस्त्याकडेला उभी होती. खून झाला त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, ती तिथं कायमची बसली होती. इंजिन जाम. हँडल तसूभरही फिरत नव्हतं.

“बघा की!” चन्नबसप्पा म्हणाला. “बाभळीपाशी उकळलं आन् इथं जीवच सोडला. लई दळभद्री माल!”

जमादारांनी रेडिएटरचं झाकण काढून आत काडी घातली. काडी तळाला टेकली आणि कोरडी वर आली.

परतताना ते बाभळीपाशी उतरले. तिथल्या खोपटात द्वारकाबाई राहायची. म्हातारी, गुडघ्यांनी हैराण.

“आजी, सोमवारी मोटार थांबली होती इथं?”

“थांबती की. माझ्या गुडघ्यांसाठीच थांबती म्हना!” म्हातारी हसली. गाडी उकळली, की आत उरलेलं गढूळ कढत पाणी ती खालची तोटी सोडून हंड्यात घेई आणि गुडघे शेकी. तोटी चन्नबसप्पानंच दाखवली होती. मग तो विहिरीचं पाणी आणून भरी.

“सोमवारी किती पाणी निघालं?”

“हंडा भरून वर सांडलं, बाबा. एरवी निम्मा बी होत न्हाय. पाय भाजला, ह्यो बगा.”

“त्याला सांगितलंत?”

“कवा सांगू? त्यो डबा घिऊन पान्याला गेल्ता. आला तवा मी आत शेकत बसलेली.”

मुरुमला शांताक्का भेटली. ती त्या दिवशी गाडीत होती.

“पाणी आणायला किती वेळ लागला त्याला?”

“अय्यो, दोन तास! आमी म्हनलं, इहीर खणतोय का काय!”

“इंजिनातून वाफा येत होत्या?”

“कोन बघतंय? इंजिनाचं बानट उचललं, की आमी सावली धरतो. रोजचंच हाय ते.”

“आणलेलं पाणी गाडीत ओतलं त्यानं?”

शांताक्का आठवत राहिली. “न्हाय की वो. हातं धुतली, तोंड धुतलं, त्यातच डबा संपला. हातं लई पांढरी झाल्ती, चुना लागल्यावानी. हँडल मारलं आन् निगाला.”

दुसऱ्या दिवशी चौकीत अमीनसाहेब बसले होते. चन्नबसप्पा समोर उभा होता.

“साहेब,” जमादार म्हणाले, “इंजिनात हात घातला, तर हात काळे होतात. याचे पांढरे होते. मिस्त्रीची भिंत पुसल्यावर खडूनं होतात तसे. दीड मैल शेतातून चालत जायचं आणि यायचं, दोन तास पुरतात.”

“गाडी उकळली होती!” चन्नबसप्पा म्हणाला. “वीस माणसं हायत.”

“माणसांनी बानट उचललेलं पाहिलं, उकळलेलं नाही. रोज उकळणाऱ्या गाडीला कोण वाकून बघतंय? आणि पाण्यासाठी दोन तास घालवून थेंबही न ओतता तुम्ही कोरडी गाडी हाकलीत.”

“कोरडी कशी? नळदुर्ग सोडताना काठोकाठ भरलेली म्या सोता...”

तो थांबला.

“भरलेलीच होती,” जमादार म्हणाले. “म्हणून तर म्हातारीचा हंडा भरून सांडला. उकळली असती, तर निम्मं पाणी आधीच रस्त्यावर गेलं असतं. तिनं तोटी सोडली, ते तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही भरल्या गाडीच्या भरवशावर निघालात आणि जळकोटला इंजिन भाजून जाम झालं. सगळ्यांना वाटलं, वाईट इंजिन, दुसरं काय होणार!”

चन्नबसप्पा खाली बसला. “घरदार इकून घेतली होती ती गाडी,” तो पुटपुटला. “म्या मिस्त्रीच्या पाया पडलो. दोन रेघा कमी कर म्हनलं. न्हाय म्हनला.”

अमीनसाहेबांनी शिपायाला खूण केली. मग टेबलावरचा एक कागद जमादारांकडं सरकवला. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आज सकाळी आला. हवालातीत पटकी शिरली. शरणप्पा परवाच गेला.”

जमादार कागद घेऊन बाहेर आले. चन्नबसप्पाला बेड्या घालून नेताना गिरिजाबाईनं पाहिलं होतं. ती पदर सावरून उभी राहिली.

“आता सोडतील न्हवं मालकांना?”

जमादारांनी सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं.

शरणप्पाचं घर लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला, की जाळत नाहीत; त्याला बसवून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवतात.

“जमादारसाहेब,” तिनं विचारलं, “पुरलं का जाळलं?”

जमादारांनी कागद उलगडला. पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. तेवढं त्यात लिहिलेलं नव्हतं.