ऐनाच्या सालीचा डाग

१९५३ चा जानेवारी. ठाण्याच्या खाडीत तेव्हा भरतीबरोबर गादे, म्हणजे डॉल्फिन, आत येत आणि बोय मासळी काठाकडे हाकत. म्हणून तिथले मच्छीमार त्यांना कधी हात लावत नसत.

मच्छीमार वस्तीतली थेल्मा सकाळीच प्रमोदिनीबाईंच्या दारात आली. खासगी तपासाची कामं घेणाऱ्या ठाण्यातल्या त्या एकट्याच बाई. सोबतीला नवरा विश्रामराव, निवृत्त हेडक्लार्क.

"बाय, माझ्या बापाच्या जाळ्यात मेलेला गादा सापडला! दुपारी गाव बसतंय. बापाची होडी कायमची काठावर ओढनार म्हनतात."

गादा चिखलात पडला होता. अंगावर ओरखडा नव्हता. भोवती थेल्माच्या बापाचं, अल्फान्सोचं जाळं गुंडाळलेलं. प्रमोदिनीबाईंनी ते चाचपलं. बोटं तांबूस झाली. जवळच मेलेल्या बोयी वाहून आल्या होत्या. एक त्यांनी चिरली. बाहेरून धड, आतला हवेचा फुगा मात्र फाटलेला.

"जाळं त्याचं, म्हणजे काम त्याचंच," विश्रामराव म्हणाले.

"अहो, जरा दम धरा."

अल्फान्सोनं रिकाम्या बांबूकडे बोट दाखवलं. "सूत कुजू नये म्हनून कालच जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवलं, बांबूवर टाकलं. दोन दिवस सुकल्याबिगर कोन पान्यात नेतो?"

संशय आपल्यावर येतोय असं वाटून त्याचा चुलतभाऊ सिडनी फणकारला, "जाळं लावायच्या जागेवरून भांडतो आमी, रोज भांडतो! पन सुरुंगाविरुद्धच्या त्याच्या अर्जावर पयली सही माझी हाय."

नवा धक्का बांधण्यासाठी खाडीतला खडक फोडत होते. प्रमोदिनीबाई तिथे पोचल्या, तसा मुकादम काळुराम अदबीनं उठला.

"सुरुंग आम्ही ओहोटीलाच लावतो बाईसाहेब, खडक उघडा पडल्यावर. त्यांच्या वस्तीकडे तर आठवड्यात फिरकलो नाही."

"बाह्यांना काय लागलंय?"

दोन्ही बाह्यांवर तांबूस चौकडी उमटली होती.

"चहा सांडला."

"माझाही सांडतो," विश्रामराव कळवळून म्हणाले.

दुपारी गावासमोर प्रमोदिनीबाईंनी काळुरामलाही बोलावून घेतलं.

"हे जाळं पाण्यात गेलंच नाही. गेलं असतं, तर ओला काढा धुऊन निघाला असता. काढा सुकला नसेल, तर मच्छीमार जाळं वापरत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं ते उचललं. गादा आधीच मेला होता. बोयींचे फुगे फुटले, कारण सुरुंग भरतीच्या पाण्याखाली उडाला; त्याच धक्क्यानं गादाही गेला. आणि चहा असा चौकडीत सांडत नाही."

त्यांनी जाळं काळुरामच्या बाहीवर ठेवलं. चौकडीवर चौकडी बसली.

काळुरामनं बाही मागे ओढून घेतली. "मालक म्हणाले, भरती असली तरी उडव. गादा दिसला नव्हता हो. मग वाटलं, अर्ज करणाऱ्यावरच ढकलावं."

अल्फान्सोची होडी त्याच संध्याकाळी पाण्यात गेली.

काळुरामची नोकरी गेली. पुढे त्यानं शहाडला चहाचं दुकान काढलं. सुरुंग ओहोटीलाच लावायचा आणि गादा दिसला तर थांबायचं, असा हुकूम निघाला. गादा दिसताच लाल निशाण दाखवायचं काम अल्फान्सोकडे आलं. सिडनी आणि तो जागेवरून शेवटपर्यंत भांडले, एकाच होडीत बसून. थेल्मा कल्याणला शिक्षिका झाली.

या प्रकरणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात विश्रामराव धावत घरी आले. "अगं, निशाण लागलंय! दोन मोठे आणि एक पिल्लू. मी स्वतः पाहिले!"

त्या दिवशी खाडीत सुरुंग वाजला नाही.