रिकाम्या खोलीची हवा

हिवाळ्यात दिल्लीची माणसे खिडक्या उघडत नाहीत. बाहेरचा धूर आत येऊ नये म्हणून फटींना चिकटपट्ट्या लावतात, आपणच सोडलेला श्वास दिवसभर पुन्हा घेत बसतात आणि संध्याकाळी डोके का दुखते म्हणून एकमेकांना विचारतात. मयूर विहारातल्या बारा फ्लॅटांमधली ही शिळी हवा मोजण्याचे काम रुचिराकडे होते. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि विजयालक्ष्मीबाईंच्या हाताखाली संशोधन करत होती.

बाई ग्रेटर नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवत. मुलांना प्रयोगाची शिस्त लावावी ती बाईंनीच, असे सहकारी म्हणत आणि बाईंनाही ते मान्य होते. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. दोन वर्षांची मुदतवाढ मिळायची तर हा शोधनिबंध जायलाच हवा होता. रुचिराचे पुढचे शिक्षणही त्यावरच अडले होते. परदेशातली विद्यापीठे आता गुणपत्रिकेच्या आधी निबंधावरचे नाव पाहतात.

पद्धत साधी होती. बंद खोलीत माणूस बसला की त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मुठीएवढ्या यंत्रावरचा आकडा चढतो. माणूस उठून गेला की उतरतो. तुलनेसाठी एक कुलूपबंद, निर्मनुष्य खोली लागत होती. बाई मयूर विहारातच राहत; त्यांनी ती स्वतःच्या घरातली दिली. पती विनायकराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. मुलगा जयदीप चार वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. पूर्वी दर रविवारी फोन करायचा, आता दिवाळीला करतो. त्याची खोली तेव्हापासून बंद होती आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे.

मंगळवारी दुपारी रुचिराने प्रयोगशाळेत लॅपटॉप बाईंसमोर ठेवला.

“मॅम, तुमच्या घरी दिवसा कोण असतं?”

“कोण असणार? कामवाली सातला येऊन जाते. आठला मी निघते.”

“अच्छा. मग हे बघा ना.”

रात्रभर आलेखाची रेघ सपाट होती. सकाळी नऊला ती चढू लागे. दुपारी सव्वाला खाली येई, पावणेदोनला पुन्हा चढे आणि साडेपाचनंतर हळूहळू उतरे. रोज, रविवारीसुद्धा.

“एका माणसाएवढा चढ आहे, मॅम. बिल्कुल एका.”

“यंत्र बदल.”

“दोनदा बदललं. तुम्ही स्वतःच तर लावलंत ते आत.”

“तुमच्या पिढीला यंत्र बिघडलं की भुतं दिसतात.”

“भूत नाही म्हणत मी,” रुचिरा म्हणाली. “माणूस म्हणतेय.”

बाईंनी त्या संध्याकाळी दाराखालची फट जाड पट्टीने बुजवली. खिडकीची चौकट मेण लावून बंद केली. बाहेरून काही येत असेल तर आता रेघ सपाट व्हायला हवी होती. बुधवारी ती आधीपेक्षा वेगाने चढली. खोली जितकी घट्ट बंद, तितका आतला श्वास लवकर साचतो. हा नियम बाईंनी वीस वर्षे फळ्यावर लिहिला होता.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढले. टेबल, संगणक, खुर्ची, जयदीपची क्रिकेटची बॅट. सगळे जागच्या जागी. हवा मात्र शेवटच्या तासानंतरच्या वर्गासारखी जड आणि कोमट होती. खिडकीची काच आतून ओली होती.

नऊ ते साडेपाच. सव्वाला अर्ध्या तासाची सुट्टी. हे वेळापत्रक कुणाचे, ते बाईंना कुणी सांगायला नको होते.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सिद्धांत नावाचा विद्यार्थी याच खोलीत, याच संगणकावर बसून काम करत असे. विद्यापीठ बंद होते आणि काम थांबवणे बाईंना मंजूर नव्हते. सव्वाला तो डबा घेऊन गॅलरीत जाई आणि उभ्याने जेवे. चाळीस हजार नोंदी त्याने एकट्याने लावल्या. निबंध छापून आला तेव्हा त्याच्या नावाच्या जागी जयदीपचे नाव होते. जयदीपला टोरांटोला प्रवेश हवा होता.

सिद्धांत एकदाच केबिनमध्ये आला होता. “मॅम, माझं नाव राहिलंय का?” एवढेच त्याने विचारले. “पुढच्या वेळी बघू,” बाई म्हणाल्या होत्या. वर्ष संपायच्या आत त्याने विद्यापीठ सोडले. तो कुठे गेला, हे बाईंनी कधी कुणाला विचारले नाही.

गुरुवारी त्यांनी रुचिराला बोलावले.

“तुलनेच्या खोलीचे आकडे सरळ करून टाक. चारशे तीसच्या आसपास, बाहेरच्या हवेएवढे, दिवसभर.”

“ते खोटं होईल ना, मॅम. आपण लिहू या की, असं आलं आणि कारण कळलं नाही.”

“रिकाम्या खोलीत माणूस सापडला, असं लिहू? हसतील लोक.”

“मग ती खोली काढून टाकू.”

“ती काढली तर उरलेल्या बारांना अर्थ काय राहतो? आज रात्री मुदत संपते. मी तुला तीन वर्षं हाताशी धरून आणलंय, हे विसरू नकोस.”

“नाही विसरले. पण खोटे आकडे मी नाही लिहिणार.”

“निबंध तुझ्या नावाशिवायही जाऊ शकतो.”

रुचिराने बाईंकडे पाहिले. रडण्याचे वय तिचे अजून सरले नव्हते, पण ती रडली नाही. “तीन महिने मी बारा घरांचे जिने चढलेय, मॅम,” ती म्हणाली आणि लॅपटॉप तिथेच ठेवून निघून गेली.

आकडे बाईंनी स्वतः बदलले. रुचिराचे नाव खोडायला त्याहून कमी वेळ लागला. सहाच्या आत निबंध गेला होता.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. चहा घेऊन त्या जयदीपच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. बाहेर स्वच्छ ऊन होते. खालच्या मजल्यावर कुणी गालिचा झटकत होते.

नऊला यंत्राशी जोडलेल्या फोनवरची रेघ चढू लागली.

आज ती फार उभी चढत होती. एरवी एक वाजता येणारा आकडा साडेदहालाच आला. बाईंनी कागद घेतला, खोलीचे घनफळ मांडले, वेळ मांडली, भागाकार केला. पुन्हा केला.

उत्तर दोन आले.

त्यांनी रुचिराला फोन लावला.

“हां, मॅम.”

“कुठे आहेस तू?”

“हॉस्टेलवर. रूममध्ये बसलेय. अजून कुठे जाणार?”

“एकटी आहेस?”

“माहीत नाही,” रुचिरा म्हणाली. आवाज जड होता, बंद खोलीत फार वेळ बसल्यावर होतो तसा. “काय काम होतं, मॅम?”

बाई फोन कानाला धरून उठल्या. किल्ली कुलपात घातली. ती फिरवायला हात धजेना. स्वतःच्या घरातले दार वाजवण्याची वेळ उभ्या आयुष्यात त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी बोटे वाकवली आणि दारावर दोनदा हलकेच टकटक केली.

“एक मिनिट हं, मॅम,” फोनमध्ये रुचिरा म्हणाली. “कुणीतरी दार वाजवतंय.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो दाराआडून आला.